जहाज दुपारचं, मुक्काम कुठे?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही अमरावतीचे. जानेवारीतल्या एका शुक्रवारी मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय. मंगळवारी सकाळी परत मुंबईत. आम्ही दोघं, दोन मुलं (१४ आणि ९) आणि सासू-सासरे असे सहा जण आहोत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बोर्डिंगची वेळ दुपारी १ ते २ दिली आहे. यांचं म्हणणं, गुरुवारी रात्री अमरावती एक्सप्रेसने निघू, शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरू आणि थेट जहाजावर. हॉटेलला पैसे कशाला? नणंदबाई डोंबिवलीला राहतात. त्या म्हणतात, आमच्याकडे उतरला नाहीत तर बोलणार नाही. मी मोबाइलवर हॉटेलं शोधली. अंधेरीला स्विमिंग पूलसकट बऱ्या भावात मिळतंय, मशीद बंदरला त्याच्या निम्म्यात, आणि फोर्ट-बॅलार्ड इस्टेटकडे सगळ्यात महाग. प्रत्येक ठिकाणी ‘पोर्टपासून इतके किलोमीटर’ लिहिलंय, पण त्यावरून मला काही ठरवता येत नाही. काय करू?

— एक वाचक, अमरावती

उत्तर

नमस्कार. किलोमीटरवरून ठरवता येत नाही, कारण ते आकडे नक्की कुठून मोजलेत तेच लिहिलेलं नसतं. मुंबई बंदराची हद्द कुलाब्याकडून पार शिवडी-वडाळ्यापर्यंत पसरलेली आहे. हॉटेलवाल्याने त्यातला सोयीचा कुठलाही कोपरा धरला तरी तो खोटं बोलला असं म्हणता येत नाही. शिवाय समोरच्या किनाऱ्यावर न्हावा शेवाचं बंदर आहे, आणि ‘मुंबई पोर्ट हॉटेल’ असं शोधलं की उरण-पनवेलची नावंही वर येतात. तुमचं जहाज लागतं बॅलार्ड पियरला. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल तिथेच आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. म्हणून नकाशावर ‘पोर्ट’ टाकू नका. तिकिटावर ज्या गेटचं नाव छापलंय ते टाका आणि तिथून अंतर बघा. टॅक्सीवाल्यालाही गेटचंच नाव सांगा. नुसतं ‘बोट पकडायची आहे’ म्हणालात तर तो भाऊच्या धक्क्यावर नाहीतर गेटवेला नेऊन सोडेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही रात्र काढण्यासाठी हॉटेल शोधताय. मला विचाराल तर तुमच्या प्रवासात रात्रीची फारशी अडचणच नाही. अडचण आहे ती मधल्या रिकाम्या तासांची. गाडी भल्या सकाळी येते आणि खोली मिळते दुपारी. खोली सोडावी लागते सकाळी आणि जहाजात घेतात दुपारी. परत येताना तर जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि अमरावतीची गाडी असते रात्री. या तिन्ही वेळी हातात सहा जणांचं सामान आणि सोबत एक दुखरा गुडघा. जे हॉटेल हे तास सांभाळेल ते घ्या, मग ते गेटपासून पाचशे मीटरवर असो की दोन किलोमीटरवर.

आधी यजमानांचा बेत बघू. तो वेडेपणाचा नाही. अमरावती एक्सप्रेस सीएसएमटीलाच संपते, तिथून बॅलार्ड पियर जेमतेम दीड किलोमीटर, आणि गाडी दोन-तीन तास रखडली तरी बोर्डिंग हुकत नाही. तुम्ही दोघंच असता तर मी म्हटलं असतं, या खुशाल. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावलेल्या बॅगा ठेवा, समोर पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खा, म्युझियम बघा आणि एक वाजता गेटवर जा. पण रात्रभर गाडीत झोप न झालेल्या सासूबाईंना सकाळी साडेसहा ते दुपारी एक कुठे बसवणार? प्रतीक्षालयात? त्यांच्या सहलीची सुरुवात तिथे होऊ नये.

दुसरं असं, की गाडी सहसा वेळेवर येते यावर तुम्ही सहा जणांच्या तिकिटांचे पैसे लावताय. गोव्याचं जहाज चुकलं तर निदान गोव्याला रेल्वेने जाऊन सुट्टी तरी घालवता येते. लक्षद्वीपचं तसं नाही. तिथे जायला परवाना लागतो, तिथल्या अगत्ती बेटावर मोजकी विमानं जातात, आणि जहाज मधे कुठे गाठता येत नाही. गेट बंद झालं की तुमच्यापुरती सहल संपली. पैसे परत मिळण्याची आशाही धरू नका, एकदा बुकिंगच्या अटी वाचा म्हणजे कळेल.

म्हणून बुधवारी रात्री निघा, गुरुवारी सकाळी उतरा आणि गुरुवारची रात्र मुंबईत काढा. सुट्टी मिळतच नसेल तर मधला एक मार्ग आहे. गुरुवार रात्रीची खोली घ्या, पण पोचा शुक्रवारी सकाळी. भाडं एका रात्रीचंच जातं, पण सात वाजता दार उघडून सासूबाईंना आडवं होता येतं, सगळ्यांच्या आंघोळी होतात आणि बारा वाजता निघता येतं. फक्त हॉटेलला आधी फोन करून सांगा की आम्ही रात्री येणार नाही, पहाटे येणार आहोत, पैसे भरलेले आहेत. सांगितलं नाही तर रात्री बारापर्यंत वाट बघून ते खोली दुसऱ्याला देऊन टाकतात. आणि अगदीच खर्च नको असेल तर सीएसएमटीवर रेल्वेच्या विश्रांती खोल्या आहेत. तिकिटाचा पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर त्या काही तासांसाठीही घेता येतात, पण जानेवारीत मिळतील या भरवशावर बसू नका.

अंधेरीचं हॉटेल विसरा. जे संध्याकाळच्या विमानाने मुंबईत उतरतात त्यांना ते ठीक आहे. तुम्ही सीएसएमटीला उतरून, बंदर दीड किलोमीटरवर सोडून, वीस-पंचवीस किलोमीटर उत्तरेला जाणार आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच परत येणार. भुयारी मेट्रो आता थेट विमानतळापासून सीएसएमटी आणि पुढे कफ परेडपर्यंत धावते, पण सहा जणांच्या बॅगा घेऊन तिचे जिने आणि तपासणी नकोच. आणि पूलचं म्हणाल तर जहाजावर आहेच की. मुलांना तेवढं सांगा, ऐकतील.

एक गोष्ट मात्र मोटारीने येणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. मुंबईत अंतर आणि वेळ यांचा फारसा संबंध नसतो. चेंबूरहून निघणारा ईस्टर्न फ्रीवे थेट पी. डि’मेलो रोडवर, म्हणजे बंदराच्या कुंपणालगत उतरतो. त्यामुळे पुण्या-नाशिकहून मोटारीने येणाऱ्यांना चेंबूर किंवा वाशीचं हॉटेल दादरपेक्षा सोयीचं पडू शकतं, पार्किंगही मिळतं. उतरल्यावर ऑरेंज गेटजवळ भुयारी रस्त्याचं काम चालू आहे, तिथे खोळंबा धरूनच निघायचं.

मशीद बंदर अंतराने जवळ आहे आणि स्वस्तही खरंच आहे. पण ती घाऊक बाजाराची वस्ती. सकाळपासून हातगाड्या, टेम्पो, हमाल, आणि बरीचशी लॉज दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, उभ्या जिन्यांची. कॉलेजातल्या मित्रांचा घोळका असता तर मी तेच सुचवलं असतं. सासूबाईंच्या गुडघ्याला तो जिना चालायचा नाही.

बॅलार्ड इस्टेटमध्येच राहावं का? वस्ती देखणी आहे. शेजारची गोदी खणताना निघालेली माती समुद्रात भरून ती १९१४ ते १९१८ च्या काळात उभी राहिली. त्या गोदीला तेव्हा अलेक्झांड्रा डॉक म्हणत, आता इंदिरा डॉक म्हणतात. विलायतेच्या बोटीतून उतरणाऱ्यांसाठी धक्क्यावरच बॅलार्ड पियर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं आणि फ्रंटियर मेल तिथून सुटायची, म्हणजे हॉटेलचा हा सगळा घोळच नव्हता. पण आज ती कचेऱ्यांची वस्ती आहे. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ते ओस पडतात, रविवारी तर चहासुद्धा शोधावा लागतो. तिथे मोजकीच हॉटेलं आहेत आणि ती जवळिकीचे पैसे घेतात. चांगल्या दराने मिळालं तर घ्या, पण त्यासाठी हट्ट धरू नका.

तुमच्यासाठी मी फोर्टच म्हणेन. सीएसएमटी ते हुतात्मा चौक या टापूत कुठेही. स्टेशन जवळ, गेट जवळ, औषधांची दुकानं हाकेवर, आणि खाण्याची कुठल्याही वेळी चैन. सासऱ्यांना सकाळी सहाला चहा लागत असेल तर तो फोर्टमध्ये मिळतो. दुसरा पर्याय कुलाबा, ताजच्या मागच्या गल्ल्या. तिथे संध्याकाळ जास्त रमते, गेटवेपर्यंत पायी फिरता येतं, मुलं खूश राहतील. पण सामान घेऊन स्टेशनवरून जाणं-येणं वाढतं आणि पर्यटकांची वस्ती असल्यामुळे दरही चढे. तुमच्या यजमानांनी अजून सुचवलं नसेल, तर लवकरच सुचवतील, म्हणून तेही बोलून टाकते: आमदार निवासाची चिठ्ठी. विदर्भातून मुंबईला येणाऱ्या निम्म्या लोकांना ती आठवते. खोली मिळेल की नाही हे आदल्या दिवसापर्यंत कळत नाही, आणि अधिवेशन किंवा मोर्चा असला तर मिळालेलीही जाते. मंत्रालयात काम असेल तेव्हा ठीक, जहाज पकडायचं असताना नको.

फोर्टमधली हॉटेलं मोबाइलवर बघून ठरवू नका, फोन करा. इमारती जुन्या आहेत. पुष्कळ ठिकाणी हॉटेल वरच्या मजल्यावर असतं आणि फोटोत दिसणारी लिफ्ट पहिल्या जिन्याच्या आठ-दहा पायऱ्यांनंतर सुरू होते. म्हणून ‘लिफ्ट आहे का’ असं विचारू नका, ‘रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या’ असं विचारा. टॅक्सी दारापर्यंत येते का, तेही विचारा, कारण तिथल्या काही गल्ल्या एकेरी आहेत आणि फूटपाथ कधी उखडलेला असेल सांगता येत नाही. खोलीला खिडकी आहे का? जुन्या इमारतीत मोठ्या खोल्यांचे तुकडे करून केलेल्या खोल्या असतात, त्यांना कधी कधी नुसती भिंत असते. संडास कमोडचा आहे का आणि बाथरूमच्या दाराशी उंबरा किती उंच आहे, हे सासूबाईंसाठी. आणि त्यांच्या खोलीच्या शेजारचीच खोली तुम्हाला मिळेल असं कबूल करून घ्या. नाहीतर ते दुसऱ्या मजल्यावर आणि तुम्ही चौथ्यावर, असं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न चेकआउटचा. मोठ्या हॉटेलांत दुपारी दोनला खोली देतात आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला घेतात. तुमच्या बोर्डिंगला ते जुळतं, पण गुरुवारी सकाळी पोचल्यावर खोलीची वाट बघावी लागेल. जुन्या लॉजमध्ये ‘चोवीस तास’ पद्धत असते. ऐकायला छान वाटतं, पण सकाळी सातला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी सातला सोडायची. म्हणजे शुक्रवारी सात ते एक तुम्ही पुन्हा रस्त्यावर. काही ठिकाणी तर सरसकट सकाळी नऊ-दहाचं चेकआउट असतं. तेव्हा थेट बोला: गुरुवारी सकाळी लवकर येऊ, दोनपैकी एक खोली तरी लवकर द्या, आणि शुक्रवारी बारापर्यंत राहू द्या, त्याचे किती? वरचे चार-सहा तास अर्ध्या भाड्यात किंवा कधी नुसत्या विनंतीवरही मिळतात. फोनवरच्या माणसाचं नाव विचारून ठेवा आणि हेच सगळं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

त्याच फोनवर मंगळवारचंही ठरवा, कारण तिथे बहुतेकांची फसगत होते. जाण्याच्या दिवसाचा सगळे विचार करतात, परतीचा कुणी करत नाही. जहाज सकाळी लागेल, उतरून सामान मिळेपर्यंत दहा वाजतील, आणि मग रात्रीच्या गाडीपर्यंतचा सगळा दिवस समोर. आधी राहून गेलेल्या पाहुण्यांचं सामान बरीच हॉटेलं दिवसभर सांभाळतात. एक खोली दिवसापुरती कमी भाड्यात देतील का, हेही विचारा. सासू-सासरे तिथे पडतील आणि तुम्ही मुलांना घेऊन म्युझियमला किंवा चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्हला जाऊन याल. या एका सोयीसाठी हॉटेल पाचशे-हजारने महाग पडलं तरी मी तेच घेईन.

पैशांचा हिशेब करताना कर विसरू नका. एका रात्रीचं भाडं खोलीमागे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणून सहा जणांना एक ऐसपैस महागडी फॅमिली रूम घेण्याऐवजी दोन साध्या खोल्या घेतल्या तर पुष्कळदा तेवढ्यातच भागतं, आणि संडासही दोन मिळतात. जादा गादीचे पैसे किती, नाश्ता धरलाय का, ते बुकिंगच्या आधीच विचारा. थोडे जास्त पडले तरी रद्द करता येणारं बुकिंग करा. जहाज कंपन्या सुटण्याची वेळ बदलतात, क्वचित तारीखही. आणि सगळ्यांची, मुलांचीसुद्धा, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. हॉटेलला लागतात आणि बंदराच्या गेटवर सीआयएसएफलाही.

शुक्रवारचा दिवस. सहा माणसं आणि सामान एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसत नाही, कारण डिकीत गॅसची टाकी असते. शिवाय दीड किलोमीटरच्या भाड्याला टॅक्सीवाले तोंड फिरवतात, आणि रिक्षा तर शहराच्या या भागात येतच नाहीत. हॉटेलकडूनच एक मोठी गाडी सांगून ठेवा. दिलेल्या वेळेआधी तासभर जाऊन फायदा नाही, बाहेर ताटकळावं लागेल. पण शेवटच्या दहा मिनिटांतही जाऊ नका. घरून वेब चेक-इन करून कागद छापून आणा. व्हीलचेअर हवी असेल तर ती कंपनीला आत्ताच कळवा, गेटवर मागून वेळेत मिळेलच असं नाही.

मोठ्या बॅगा तिथे आधी घेतात आणि केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते. त्यामुळे औषधं, चष्मे, एक एक कपड्यांचा जोड आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत असू द्या. दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी यांचा डबा भरणार असाल तर तो गाडीत आणि हॉटेलात संपवा. बाहेरचं खाणं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, आणि सासूबाईंच्या हातच्या दशम्या गेटवरच्या टोपलीत गेलेल्या कुणालाच बघवणार नाहीत.

राहिल्या नणंदबाई. डोंबिवलीहून शुक्रवारी सकाळी सामान घेऊन लोकल पकडणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मोटारीने निघालात तर फ्रीवेपर्यंत पोचायलाच किती वेळ लागेल ते कुणी सांगू नये. त्यांना म्हणा, आईंचा गुडघा आहे, जाताना दगदग नको. त्याऐवजी गुरुवारी संध्याकाळी त्यांनाच फोर्टला बोलवा. आई-वडिलांना भेटतील, सगळे मिळून जेवाल, आणि त्या रात्रीच्या, रिकाम्या नसल्या तरी जरा बऱ्या लोकलने परत जातील. बंदराच्या गेटच्या आत प्रवाशांखेरीज कुणाला सोडत नाहीत, तेव्हा शुक्रवारी रजा काढून निरोप द्यायला यायचा घाट मात्र त्यांना घालू देऊ नका. आणि तरीही त्या ऐकत नसतील तर मंगळवारचं परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकला, आणि ते कल्याणहून बसायचं काढा. डोंबिवलीहून कल्याण दोन स्टेशनं, आणि अमरावती एक्सप्रेस तिथे थांबते.